सिस्टर पारख्यांचा तिसरा रकाना

सिस्टर पारख्यांचा पूर्ण चेहरा मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही गल्लीत उभी राहून, मान वर करून. त्याआधी सात-आठ महिने मी त्यांना ओळखत होते ते कपाळ, चष्मा आणि आवाज एवढ्यावरच. कपाळावर टिकली नाही, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने बांधलेली, आणि आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी काम भागावं. मास्कच्या आत नाक कसं असेल, हसताना बाई कशी दिसत असेल, याचा मी मनाशी एक अंदाज बांधला होता. तो साफ चुकीचा निघाला.

आमची ओळख नानांमुळे. नाना म्हणजे माझे वडील. दिल्लीच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं नकाशे काढले, आणि शेवटी त्यांनाच घरातलं न्हाणीघर सापडेना. आई होती तोवर ती त्यांना हाताला धरून नेत असे. आई गेली, आणि मी, आर. के. पुरमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहणारी, सकाळी नऊला घर सोडणारी बाई, उघडी पडले. नवऱ्याची बदली भोपाळला. दोनदा नाना दार उघडून निघून गेले. दुसऱ्यांदा ते मुनिरक्याच्या एका चहाच्या टपरीवर सापडले, तेव्हा मी हरले. पहिली लाट ओसरत होती. नोएडातलं एक होम नवीन माणसं घेऊ लागलं होतं. वृद्धाश्रम हा शब्द मला उच्चारवत नव्हता, आणि तिथे सगळे ‘होम’च म्हणत होते, त्यामुळे माझी सोय झाली.

नानांना सोडायला गेले तेव्हा फाटकाच्या आतून एका बाईंनी माझ्यावर ताप मोजायचं यंत्र रोखलं आणि खास नगरी मराठीत विचारलं, “ह्यांना गोड काय आवडतं? आणि भीती कशाची वाटते?” औषधांची यादी मी हातात धरून उभी होते. ती त्यांनी नंतर मागितली. मी म्हटलं, भीती कसली, काही नाही. त्यांनी ते लिहून घेतलं नाही. कोऱ्या जागेकडे बोट दाखवून म्हणाल्या, आठवलं की फोन करा, प्रत्येकाला असते.

सुलोचना पारखे नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या. घर ख्रिस्ती, शिक्षण मिशनच्या दवाखान्यात. तिथून दिल्लीच्या रिजवरच्या, म्हणजे टेकडीवरच्या, हिंदूराव या म्युनिसिपल हॉस्पिटलात आल्या आणि त्याच चढावरच्या क्वार्टरमध्ये तीस वर्षं राहून निवृत्त झाल्या. यापलीकडे त्यांचं चरित्र मला ठाऊक नाही. लग्न केलं होतं की नाही हे विचारण्याची माझी हिंमत झाली नाही. साखरेचा आजार होता आणि तरी रविवारी दुपारी एक जिलबी खायच्या, हे सुनीताने सांगितलं. सुनीता म्हणजे होममधली सगळ्यात जुनी आया, बुलंदशहरकडची, दिवसातून चारदा सिस्टरांचं बोलणं खाणारी आणि त्यांच्यावर जीव टाकणारी.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण लाज तिथेच आहे. मी मंत्रालयातल्या एका शाखेत आहे. साथीच्या काळात वृद्धांच्या निवासांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना निघत, त्यांतला मजकूर डॉक्टर लोक द्यायचे आणि तो नीट कलमवार लावून, हिंदी-इंग्रजी मसुदा करून वर पाठवण्याचं काम आमच्या टेबलाकडे होतं. आमच्या म्हणजे माझ्या. भेटायला येणाऱ्यांना मनाई, हे कलम मी लावलं. इस्पितळातून परतलेल्या रहिवाशाला चौदा दिवस स्वतंत्र खोली, त्याच्याजवळ जाणाऱ्याने पूर्ण किट, मास्क क्षणभरही न उतरवणे, हेही मीच लावलं. वाक्यं सुबक झाल्याचं साहेब म्हणाले होते.

हे सिस्टरांना मी सांगितलं नाही. ‘सरकारी नोकरी’ एवढंच सांगितलं. आणि मग दर नवी सूचना आली की त्यांचा फोन यायचा, कारण होममध्ये सरकारी भाषा समजणारं दुसरं कोणी नाही असं त्यांचं मत होतं. नोएडा यूपीत, निम्मे रहिवासी दिल्लीचे, डॉक्टर गुडगावहून यायचे. तिन्हीकडचे कागद वेगळे. सिस्टर म्हणायच्या, हा रोग कुठल्या बॉर्डरवर पास दाखवतो ते एकदा विचारा त्यांना.

एकदा त्यांनी मला एक कलम वाचून दाखवलं. रहिवाशांनी सामायिक जागांचा वापर यथासंभव टाळावा. “ताई, माझ्याकडे बावीस माणसं आहेत. त्यातल्या बारांना आपण कुठे आहोत हेच ठाऊक नाही. ते टाळणार कसं? हे लिहिणाऱ्या साहेबाला आईबाप नसावेत.” मी म्हटलं, नसतील. आणि मग त्याच कलमाचा त्यांना सोपा अर्थ करून सांगितला: जेवणाच्या खोलीत तीन पाळ्या करा, खुर्च्या भिंतीकडे तोंड करून नको, खिडकीकडे करा. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, तुम्हीच का नाही लिहीत हे कागद?

आया वाचू शकत नसत, म्हणून सिस्टर प्रत्येक सूचना स्वतःच्या हिंदीत घोळवून सांगायच्या. त्या हिंदीला नगरचं पाणी लागलेलं. हात वीस सेकंद धुवायचे, हे कलम आलं तेव्हा घड्याळ कोणाच्याच हातात नव्हतं; घड्याळ घालायचंच नाही असंही दुसरं कलम होतं. सिस्टरांनी तोड काढली. प्रत्येकीने आपापली प्रार्थना एकदा, न घाई करता म्हणायची. त्या स्वतः लहानपणची मराठी प्रार्थना म्हणायच्या, दुसरी आया रुखसाना तिची, सुनीता तिची. सुनीताचं स्तोत्र इतकं लांब होतं की वरची टाकी संपायची वेळ आली. तेव्हा तिला हुकूम झाला, पहिल्या चारच ओळी, बाकीच्या देवाला घरी जाऊन ऐकव. बेसिनपाशी तीन धर्म एकदम पुटपुटत असायचे आणि नळाखाली साबणाचा फेस. मी हे व्हिडिओ कॉलवर पाहिलं आहे. त्या दिवसांत मला हसू आलेल्या दोन-तीन गोष्टींतली ती एक.

दुसरी कवळ्यांची. वस्तू निर्जंतुक करा, असं एका कागदात होतं. रुखसानाने ते मनावर घेतलं. रात्री बावीस जणांपैकी अठरांच्या कवळ्या तिने गोळा केल्या आणि सकाळी एकाच टबात, एकाच औषधाच्या पाण्यात घालून लख्ख धुऊन काढल्या. नाश्त्याच्या वेळी टबात छत्तीस जबडे आणि बाहेर अठरा म्हातारी माणसं पोळी भिजायची वाट पाहत बसलेली. कोणाची कुठली, काही पत्ता नाही. सिस्टरांनी सगळ्यांना रांगेत बसवलं आणि एकेक कवळी उकळून, लावून, काढून, पुन्हा उकळून दुपारी दोनपर्यंत जोड्या लावल्या. शेवटी दोन आजींच्या बदलल्या त्या बदलल्याच, पण दोघींचं म्हणणं, हीच आधीपेक्षा बरी बसते. त्या तशाच ठेवल्या.

रुखसाना रडत होती. सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी तिला वही दिली.

ही वही म्हणजे सिस्टरांचा प्राण. लांब, निळ्या पुठ्ठ्याची, औषधांच्या कपाटात ठेवलेली. तिला होममध्ये ‘गलतीवाली कॉपी’ म्हणत. चूक ज्याची, नोंद त्याने स्वतः करायची. लिहिता येत नसेल तर तोंडाने सांगायची, सिस्टर शब्द न बदलता लिहायच्या आणि अंगठा घ्यायच्या. रकाने तीन. काय केलं. कोणाला त्रास झाला किंवा झाला असता. पुढच्या वेळी काय करीन. नोंद झाली की विषय संपला. पगार कापणं नाही, बोलणी नाहीत, पुन्हा टोमणाही नाही. पण लपवलेली चूक सापडली तर त्या दिवशी ती बाई घरी. असं एकदाच झालं म्हणे.

ही पद्धत मिशनच्या दवाखान्यातली. शिकत असताना सिस्टरांनी एका बाळंतिणीला शेजारच्या खाटेवरचं इंजेक्शन दिलं आणि भीतीने तासभर कोणाला सांगितलं नाही. बाई वाचली. मेट्रनने त्यांना वही पुढे केली आणि तिसरा रकाना त्यांच्याकडून सात वेळा लिहून घेतला, कारण त्या दर वेळी ‘काळजी घेईन’ असं लिहीत होत्या. काळजी घेईन हे काही काम नव्हे, म्हणायची मेट्रन. हाताने काय करशील ते लिही. सिस्टरही तेच म्हणायच्या. तिसऱ्या रकान्यात ‘ध्यान रखूँगी’ चालत नसे. रुखसानाने लिहिवलं, हर दाँत की अलग कटोरी, कटोरी पर फोटो.

भेटी बंद असल्या तरी रविवारी एक सोय त्यांनी काढली होती. नातेवाइकांनी भिंतीबाहेर गल्लीत उभं राहायचं, रहिवासी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बसायचे, बोलणं फोनवर. सूचनेत हे बसत होतं का? मी चार वेळा कलम वाचलं आणि बसवलं. नाना पहिल्या रविवारी मला बघून शेजारणीला म्हणाले, भाजीवाली आलीय, आज वांगी चांगली आहेत का विचार. सिस्टरांनी फोनवर मला सांगितलं, वाईट वाटून घेऊ नका ताई, आवडीच्या माणसाकडेच वांगी मागतात. मी गल्लीत उभी राहून रडले. गाडीत बसून रडायला हवं होतं, कारण नानांनी ते पाहिलं आणि दिवसभर भाजीवाली का रडत होती म्हणून सगळ्यांना विचारत राहिले.

दुसरी लाट आली तेव्हा होममध्ये वर्षभरात एकालाही लागण झालेली नव्हती. सिस्टरांना त्याचा केवढा अभिमान होता. सगळ्यांना लशीचा पहिला डोस झाला होता, दुसऱ्याची तारीख पुढे गेली होती. बाहेर दिल्लीचं जे झालं ते मी वर्णन करणार नाही. आमच्या शाखेतले तिघं गेले. मी त्यांच्या खुर्च्यांवरचे टॉवेल घडी करून कपाटात ठेवले आणि सूचनांचा सुधारित मसुदा करत बसले.

त्या आठवड्यात नाना पडले. न्हाणीघरात, कपाळ फुटलं, हाड दिसत होतं. टाके घातल्याशिवाय इलाज नव्हता. सुनीता त्यांना घेऊन जवळच्या दवाखान्यात गेली. तिथे गर्दी इतकी की पाच तास. भूल द्यायला वेळ नव्हता की माणूस नव्हतं, मला कळलं नाही. किट घातलेल्या चौघांनी नानांचे हातपाय दाबून धरले आणि टाके घातले. सुनीता सांगत होती, बाबूजी पूरे टाइम माँ को बुला रहे थे. माझ्या आजीला जाऊन पन्नास वर्षं झाली होती.

परत आल्यावर कलमाप्रमाणे चौदा दिवस स्वतंत्र खोली. होममध्ये पहिल्यांदा आले तेव्हाचे चौदा दिवस नानांनी मजेत काढले होते, किटमधल्या माणसाला ते पोस्टमन समजायचे. आता किट दिसलं की ते भिंतीत शिरायला बघत. सुनीता ताट घेऊन गेली तर त्यांनी ताट उडवलं. सिस्टर गेल्या, मराठीत बोलल्या, गाणी म्हटली. नानांनी दात घट्ट मिटले. सिस्टरांनी गॉगल काढला, टोपी काढली, पांढरा झगा काढून साध्या कपड्यांत गेल्या. मास्क राहिला. नानांनी मास्ककडे बोट दाखवलं आणि चादर डोक्यावरून घेतली. पाणीसुद्धा ओठाबाहेर काढून टाकत. सलाईनची सुई पाहिली की किंचाळत. टेस्टचा रिपोर्ट यायला त्या दिवसांत पाच-सहा दिवस लागत होते. कुठल्याही इस्पितळात न जेवणाऱ्या म्हाताऱ्याला ठेवून घेणारी खाट नव्हती. मी एकवीस ठिकाणी फोन केले.

तिसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरांचा फोन आला. आवाज पहिल्यांदाच लहान होता. ताई, तुम्ही कोरी ठेवलेली जागा आज मी भरली, म्हणाल्या. भीतीची. मग म्हणाल्या, लघवी कमी झालीय, जीभ कोरडी पडलीय, असंच चाललं तर दोन दिवस, फार तर तीन. तुम्हाला सांगून ठेवते.

मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. खाली एका टेबलावर माझ्याच सहीचा मसुदा पडलेला.

“सिस्टर, मास्क काढा,” मी म्हटलं.

त्यांना बोलू न देता मी पुढे रेटलं.

“तुमचा चेहरा बघितला तर खातील. मला माहितीये ते खातील. पाया पडते तुमच्या.”

“कागदात काय लिहिलंय, ठाऊक आहे ना?”

“ठाऊक आहे. ते मीच लिहिलंय.”

हे वाक्य बोलायला मला आठ महिने लागले, आणि बोलले तेही भीक मागताना. सिस्टर म्हणाल्या, “मला कधीच कळलं होतं. नानांच्या पिशवीत तुम्ही चिठ्ठी ठेवता ना. शक्यतो दूध कोमट, शक्यतो पांढरी बनियन. तोच माणूस यथासंभव लिहितो.” मग म्हणाल्या, “कलम चुकीचं नाहीये, ताई. बरोबर आहे. म्हणूनच विचार करायला लागतोय.”

तासाभराने त्यांनी काय केलं ते मला नंतर सुनीताकडून कळलं. त्यांनी बावीसही जणांची औषधं, वेळा, खोड्या सुनीताला आणि रुखसानाला पाठ म्हणून दाखवायला लावल्या. कपाटाच्या किल्ल्या सुनीताकडे दिल्या. आपलं अंथरूण नानांच्या खोलीबाहेरच्या पडवीत टाकलं आणि जाहीर केलं, आजपासून मी दुसऱ्या कोणाच्या खोलीत येणार नाही, माझ्याजवळ कोणी यायचं नाही, ताट उंबऱ्यापाशी ठेवायचं. मग खोलीची दोन्ही तावदानं उघडली, वारा आपल्या पाठीमागून खिडकीकडे वाहील असा पंखा लावला, खुर्ची हातभर लांब ठेवली. स्वयंपाकघरातल्या झारा-चमच्यांमधला सगळ्यात लांब दांड्याचा चमचा घेतला. आणि मास्क काढला.

नाना बघत राहिले म्हणे. मग म्हणाले, किती वेळ लावलास.

दहीभात खाल्ला. सात घास. सिस्टरांनी मला फोन करून घास मोजून सांगितले. दुसऱ्या दिवशी अकरा, संध्याकाळी केळं. नाना त्यांना कोण समजत होते हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी इतकी सुखात होते की माझं मलाच नवल वाटतं. शहर जळत होतं, आणि मी जिन्यात उभी राहून घास ऐकत होते. सिस्टरांना काही होऊ शकेल हा विचार मला आला नाही, असं मी लोकांना सांगते. आला होता. मी तो बाजूला केला.

पाच दिवस असं चाललं. सहाव्या दिवशी रिपोर्ट आला. नाना पॉझिटिव्ह. सिस्टर तरीही भरवत राहिल्या.

त्यांना दोन दिवस बारीक ताप होता, खोकला थोडा. त्यांचं वय एक्याऐंशी. सिस्टरांचं त्रेसष्ट आणि साखर. आठव्या दिवशी सिस्टरांना ताप आला. त्या स्वतःच्या पायाने गच्चीवरच्या खोलीत गेल्या, दार आतून लावून घेतलं आणि खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडली, औषधं आणि चहासाठी. बाकी एकवीस जणांची आणि आयांची टेस्ट झाली. सगळे निगेटिव्ह. एकालाही लागण नाही. पडवीतलं ते अंथरूण आणि तो पंखा, दोन्ही कामी आले होते.

दहाव्या दिवशी त्यांचं ऑक्सिजन खाली यायला लागलं. मग सुरू झालं ते सगळ्या दिल्लीला ठाऊक आहे. खाट नाही, सिलिंडर नाही, आहे म्हणणाऱ्याचा फोन लागत नाही. सूचनांच्या शेवटच्या पानावर आम्ही एक हेल्पलाइन दिली होती. तो नंबर मी स्वतः तपासून घातला होता. मी तो चाळीस वेळा लावला. शेवटी करोल बागेत, मोटारीच्या पार्टांच्या गल्लीत, एका ओळखीच्या माणसाकडे एक लहान सिलिंडर निघालं. तो पठ्ठ्या स्वतः ते पाठीवर घेऊन माझ्या गाडीपर्यंत आला आणि म्हणाला, मैडम, लौटाना जरूर, किसी और की बारी है. ते घेऊन मी नोएडाला पोहोचले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. संध्याकाळी एका खाजगी इस्पितळाने कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचर दिला. सिलिंडर सोबत गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर गेल्या. त्यांचा भाचा नगरहून निघाला होता, तो झाशीपर्यंत आला होता.

नाना पुढे दोन वर्षं जगले. चौदा दिवस संपल्यावर सुनीताने किट उतरवलं आणि नुसता मास्क लावून कितीतरी खटपटीने त्यांना पुन्हा जेवायला लावलं. ते सिस्टरांबद्दल काही विचारत नसत. अधूनमधून दाराकडे बघून म्हणायचे, किती वेळ लावतेय. मला ते ऐकवत नसे, आणि मी दर रविवारी तेच ऐकायला जात असे.

ते गेल्यावर सामान आणायला गेले तेव्हा सुनीताने औषधांचं कपाट उघडून वही माझ्यापुढे ठेवली. पान दुमडून ठेवलेलं होतं. अक्षर बारीक, सरळ, मिशनच्या शाळेतलं. पहिल्या रकान्यात: खोली नं. ९ मध्ये जेवण भरवताना मास्क काढला. रोज दोनदा, सात दिवस. माझ्या निर्णयाने. माझं नाव कुठेही नव्हतं. दुसऱ्या रकान्यात: सगळ्यांना झाला असता. म्हणून वेगळी राहिले.

तिसऱ्या रकान्यात एकच शब्द होता. ‘हेच.’

सुनीताला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, क्या लिखा है दीदी. मी सांगितलं. ती म्हणाली, हमने लिखवाया होता तो मंजूर नहीं करतीं.

वहीत माझी नोंद नाही. असती तर ती त्या दुपारची असती.

सिलिंडर आत पाठवून मी गल्लीत उभी होते, रविवारी उभी राहायचे तिथेच. ऊन मी म्हणत होतं. सुनीताने फाटकातून हलक्या आवाजात सांगितलं होतं, बाबूजी कल सुबह से कुछ नहीं खाए, हमको देखके मुँह फेर लेते हैं, सिस्टर को मत बताना. तेवढ्यात वर गच्चीवरच्या खोलीची खिडकी उघडली. सिस्टर गजाला धरून उभ्या होत्या. खोलीत एकट्या होत्या, तरी मास्क लावलेला. त्यांनी मला पाहिलं आणि इकडे-तिकडे बघून, गल्लीत कोणी जवळ नाही अशी खात्री करून, मास्क खाली ओढला.

मी कल्पना केली होती तसा तो चेहरा मुळीच नव्हता. आवाजावरून मला वाटायचं मोठी हनुवटी असेल, करारी. हनुवटी लहान होती. गाल गोल, पुढच्या दोन दातांत फट. शाळेत शेवटच्या बाकावर बसून खोड्या काढणाऱ्या मुलीसारख्या दिसत होत्या. दम लागत होता. फोन नव्हता हातात आणि ओरडण्याची ताकद नव्हती, म्हणून त्यांनी उजव्या हाताची पाच बोटं एकत्र करून तोंडाशी नेली आणि भुवया वर केल्या. जेवले का.

मी मान हलवली. हो. मग तेवढ्याने पुरलं नाही म्हणून दोन्ही हातांची बोटं पसरून दाखवली. दहा घास.

सिस्टर हसल्या. पूर्ण हसल्या, फटीसकट. मग मास्क वर चढवला, नाकावरची तार दाबून बसवली, आणि खिडकी कोपराने ढकलून लावून घेतली.